स्वयंसेवकाचा झाडू



शहराचा इतिहास लिहितांना आपण किल्ले, गोद्या, गिरण्या आणि सभा यांचीं वर्णनें करतों. परंतु त्या शहराचा केर कोणीं काढला, हा प्रश्न इतिहासाच्या पुस्तकांत क्वचितच विचारला जातो. मुंबईच्या बाबतींत तो विचारून पाहिला, तर सव्वाशें वर्षांची एक बोधप्रद कथा हातीं लागते. सुटीच्या दिवशीं सकाळीं वेसाव्याच्या किनाऱ्यावर किंवा मिठी नदीच्या कांठीं हातमोजे घालून उतरणारीं तरुण मंडळी आपण पाहतों. त्यांच्या हातांतील झाडूची पूर्वपीठिका सांगावी, एवढाच माझ्या आजच्या भाषणाचा हेतु आहे.

कथेचा आरंभ १८९६ पासून करूं. त्या वर्षाच्या सप्टेंबरांत मांडवी भागांत डॉ. आकासिओ व्हिएगस यांनीं प्लेगचा रोगी ओळखला. रोग घाणीच्या दुर्गंधींतून उपजतो, ही समजूत त्या काळीं प्रबळ होती. म्हणून म्युनिसिपालिटीनें गटारांतून समुद्राचें पाणी आणि कार्बोलिकचें द्रावण सोडलें, घरें धुतलीं, रोग्यांचें सामान जाळलें. उंदरांच्या अंगावरील पिसवा हा रोग पसरवितात, हें पॉल-लुई सिमाँ यांनीं १८९८ मध्यें मांडलें, तोंपर्यंत सारी भिस्त या धुण्याजाळण्यावरच होती. सरकारी बळावर घरांत शिरून केलेली ही सफाई लोकांना जुलूम वाटली, यांत नवल नाहीं. पण याच धामधुमींत एक सत्य उघडें पडलें. सक्तीचे उपाय फार ताणले तर शहरांतील सफाई कामगार गांव सोडून जातील आणि मग मुंबईंत राहणेंच अशक्य होईल, अशी धास्ती खुद्द म्युनिसिपल कमिशनर स्नो यांना वाटत होती. ज्यांना समाजानें वस्तीच्या कडेला ठेवलें, त्यांच्याच हातांवर हें अफाट शहर उभें होतें!

येथें आपल्या विषयाचें खरें मर्म येतें. आपल्याकडे घाण काढणें हें काम नव्हतें, ती जात होती. १९०१ मध्यें कलकत्त्यास काँग्रेसचें अधिवेशन भरलें, तेव्हां छावणींतील शौचकूपांची दुर्दशा गांधीजींनीं स्वयंसेवकांस दाखविली. हें आमचें काम नव्हे, असें सरळ उत्तर मिळालें. गांधीजींनीं झाडू मागून घेतला आणि जागा स्वतः साफ केली. 'स्वयंसेवक' ही पदवी धारण करणाऱ्यांनींच जी सेवा नाकारली, ती पुढें स्वयंसेवेची कसोटी ठरली.

महाराष्ट्रानें या कसोटीस उतरणारीं माणसें पाहिलीं. १८७६ मध्यें अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवीं जन्मलेले गाडगे महाराज दिवसा खराट्यानें गांव झाडीत आणि रात्रीं कीर्तनांतून लोकांचीं मनें झाडीत. रत्नागिरीकडील आप्पासाहेब पटवर्धन यांची हकीकत तर प्रत्येक विद्यार्थ्यास सांगावी अशी आहे. १९३२ मध्यें रत्नागिरीच्या तुरुंगांत असतां त्यांनीं भंगीकाम मागितलें. ब्राह्मण कैद्यास तें काम देतां येत नाहीं, असें तुरुंगाचें म्हणणें पडलें! त्यांनीं अन्नाचा आग्रह सोडला आणि त्यांच्या पाठिंब्यासाठीं येरवड्याच्या तुरुंगांत गांधीजींनीं डिसेंबर १९३२ मध्यें उपोषण आरंभिलें. मैला उचलण्याचा अधिकार मिळावा म्हणून उपास, असें उदाहरण जगाच्या इतिहासांत विरळाच सांपडेल.

मुंबई शहरांत या सेवेला संस्थेचें रूप देण्याचा प्रयत्नही जुना आहे. ना. म. जोशी यांनीं १९११ मध्यें सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली आणि सुशिक्षित मंडळी कामगारांच्या चाळींत वाचनालयें व रात्रीच्या शाळा घेऊन जाऊं लागली. चाळीच्या अंधाऱ्या जिन्यांत पाऊल टाकल्यावांचून शहराचें आरोग्य समजत नाहीं, हा धडा त्या पिढीनें घेतला.

आतां नदीकडे वळूं. विहार आणि पवई या तलावांच्या सांडव्याचें पाणी घेऊन निघणारी मिठी नदी सुमारें १८ किलोमीटर वाहत माहीमच्या खाडीस मिळते. शहर वाढलें तशी ही नदी भरावांनीं आणि बांधकामांनीं आवळली गेली. कारखान्यांचें सांडपाणी व वस्त्यांचा केर तींत पडूं लागला. लोक तिला नाला म्हणूं लागले आणि नाला म्हटलें कीं घाण टाकावयास मोकळीक मिळते! २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हां नदीनें आपली जुनी जागा मागून घेतली. शेंकडों माणसें प्राणांस मुकलीं. डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालीं सत्यशोधन समिति नेमली गेली. भरतीची वेळ, आवळलेलें पात्र, अपुरीं गटारें अशीं कारणें अनेक होतीं. पण गटारांच्या तोंडाशीं अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांचें चित्र सामान्य नागरिकाच्या मनांत कायमचें बसलें, कारण त्या पिशव्या त्याच्याच घरांतून आल्या होत्या.

याच सुमारास सागरकिनारे स्वच्छ करण्याची चळवळ जगभर पसरली होती. १९८६ मध्यें अमेरिकेंत टेक्ससच्या किनाऱ्यावर स्वयंसेवकांनीं केर उचलतांना प्रत्येक वस्तूची नोंद केली. तेव्हांपासून सप्टेंबरांतील तिसरा शनिवार या कार्याचा दिवस ठरला. १९८९ च्या जानेवारींत ऑस्ट्रेलियांत इयन कीर्नन या नौकानयनपटूच्या हांकेस ओ देऊन सुमारें ४०,००० नागरिक सिडनी बंदर साफ करण्यास लोटले. आपल्या वेसाव्यास ऑक्टोबर २०१५ मध्यें वकील अफरोज शाह आणि त्यांचे एक वयोवृद्ध शेजारी असे दोघेच आरंभीं उतरले. आठवड्यामागून आठवडे माणसें वाढत गेलीं; कोळी बांधव, विद्यार्थी, नोकरदार येऊन मिळाले. २०१६ मध्यें संयुक्त राष्ट्रांनीं शाह यांचा गौरव केला आणि मार्च २०१८ मध्यें त्याच किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कांसवांचीं पिलें वाळूंतून निघून समुद्राकडे जातांना दिसलीं. पुढें हे हात मिठी नदीकडेही वळले.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो गंभीर आहे. स्वयंसेवक दोन तास काम करून घरीं जातो. दुसऱ्या भरतीला केर पुन्हा येतो. जें काम करण्यासाठीं नगरपालिका कर घेते, तें नागरिकानें फुकट कां करावें? शिवाय ज्या कामगाराला रोज गटारांत उतरावें लागतें, त्याचें दुःख रविवारच्या झाडूनें हलकें होतें काय? हातानें मैला उचलण्याची प्रथा बंद करणारे कायदे १९९३ आणि २०१३ मध्यें झाले. तरी त्यानंतरही गटारांत गुदमरून मेलेल्यांच्या बातम्या आपण वाचल्या आहेत.

आक्षेप खरा आहे, परंतु त्याचें उत्तर या इतिहासांतच आहे. स्वयंसेवकाच्या दोन तासांनीं नदी शुद्ध होत नाहीं, हें मान्य करूं. पण चिखलांतून पिशवी ओढून काढणाऱ्याला ती कोठून आली हें कळतें. टेक्ससच्या लोकांनीं वस्तू मोजल्या. मोजलेला केर कारखानदारापुढें आणि कायदेमंडळापुढें पुरावा म्हणून ठेवतां येतो. आणि ज्याची पाठ एकदां त्या कामानें दुखली, तो सफाई कामगाराच्या वेतनाचा, बुटांचा, हातमोज्यांचा प्रश्न परका मानूं शकत नाहीं. १८९६ ची सफाई वरून लादलेली होती, म्हणून ती द्वेष मागें ठेवून गेली. आप्पासाहेबांनीं जो झाडू मागून घेतला, तो जातीची भिंत खणणारा होता. आजच्या झाडूनें या दुसऱ्या वारशाशीं नातें सांगावयाचें असेल, तर कामाचें छायाचित्र काढून थांबतां येणार नाहीं.

म्हणून सुशिक्षित कुटुंबांना माझें विनवणें इतकेंच आहे. वर्षांतून चार सकाळीं मुलांना नदीकांठीं किंवा किनाऱ्यावर अवश्य न्या. उरलेल्या दिवशीं ओला आणि सुका केर घरांतच निराळा ठेवा. २०१६ च्या नियमांनीं ही जबाबदारी प्रत्येक घरावर टाकली होतीच. आणि तो केर नेण्यास जो मनुष्य दारीं येतो, त्याचें नांव मुलांना विचारून घ्यावयास सांगा.