जशी वाट, तशी गाडी

मातीच्या वाटेवरील मोटार-शर्यतीचे व्हिडिओ खेळ आज बहुतेक विद्यार्थ्यांच्या परिचयाचे आहेत. यातील वास्तवाच्या जवळ जाणाऱ्या खेळांत शर्यत सुरू होण्यापूर्वी पडद्यावर एक तक्ता उघडतो. त्यात स्प्रिंगा नरम किंवा कडक करता येतात, गाडीची जमिनीपासूनची उंची बदलता येते, गिअरांचे प्रमाण ठरवता येते, पुढच्या व मागच्या चाकांवरील भाराचा तोलही काही खेळांत बदलता येतो. खेळाडू याला 'सेटअप' म्हणतात. आपण 'जुळवणी' म्हणू. शिक्षकांना हा वेळेचा अपव्यय वाटतो आणि पुष्कळदा तो असतोही. परंतु या तक्त्यातील प्रत्येक कळीमागे एक जुना प्रश्न आहे, आणि तो प्रश्न धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्यातील वाटांवर संगणकाच्या कितीतरी आधी सोडवला जात होता.

या जिल्ह्यात बालाघाटाच्या रांगा आहेत, मुरमाड माळ आहेत आणि नदीकाठची खोल काळी जमीनही आहे. एकाच बैलगाडीला एका दिवसात या तिन्हींवरून जावे लागे. मुरमावर चाक सहज फिरते. ओल्या काळ्या मातीत तेच चाक रुतते. कारण उघड आहे : दाब म्हणजे भार भागिले क्षेत्रफळ. समजा, एका चाकावर ५०० किलोग्रॅम भार आहे आणि लोखंडी धावेचा जमिनीशी स्पर्श ५० चौरस सेंटिमीटर आहे. मग दर चौरस सेंटिमीटरवर १० किलोग्रॅम भार येतो. रबरी टायरमुळे स्पर्श ३०० चौरस सेंटिमीटर झाला, तर तो सुमारे १.७ किलोग्रॅमवर उतरतो. हवा भरलेल्या टायरचे पेटंट रॉबर्ट थॉमसनने १८४५ साली घेतले. जॉन डनलॉपने १८८८ साली तो नव्याने शोधला आणि मग त्याचा प्रसार झाला. ऊस वाहणारी आजची टायरगाडी याच शोधाची वारस आहे. मात्र रबरी टायरला काटा लागतो, लोखंडी धावेला लागत नाही. एका बाजूचा लाभ दुसऱ्या बाजूने फेडावा लागतो, हा जुळवणीचा पहिला नियम.

दुसरा प्रश्न तोलाचा. दोन चाकांची बैलगाडी ही आसावर टेकलेली तरफच आहे. समजा, ८०० किलोग्रॅम भाराचा गुरुत्वमध्य आसाच्या १० सेंटिमीटर पुढे आहे आणि जू आसापासून ३ मीटरवर आहे. तर बैलांच्या मानेवर ८०० × १० ÷ ३००, म्हणजे सुमारे २७ किलोग्रॅम भार येईल. पोती आणखी १० सेंटिमीटर पुढे सरकली, की तो ५३ किलोग्रॅम होईल. उलट भार आसाच्या मागे गेला, तर जू वर उचलले जाते आणि गळ्याखालची जोती बैलाच्या गळ्याला आवळतात. हीच 'उलाळ' झालेली गाडी. चढावर गाडी मागे कलल्याने गुरुत्वमध्य मागे जातो, उतारावर पुढे येतो. म्हणून जाणता गाडीवान चढाला पुढे सरकून बसे आणि उताराला मागे. स्वतःचे वजन वापरून तो चालत्या गाडीचा तोल बदलत होता. खेळातली चूक पुन्हा सुरुवात करून पुसता येते. येथे चुकीची किंमत बैलाचा खांदा सोलून वसूल होत असे.

तिसरा प्रश्न वळणाचा. वळताना बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापावे लागते. बैलगाडीची दोन्ही चाके आसावर स्वतंत्रपणे फिरतात, त्यामुळे तिला अडचण येत नाही. मोटारीत मात्र इंजिनाची शक्ती दोन्ही चाकांना द्यायची असते आणि त्यांना वेगवेगळ्या गतीने फिरूही द्यायचे असते. यासाठीची दातेरी चाकांची रचना, म्हणजे डिफरन्शियल, फ्रान्सच्या ओनेसिफोर पेकर याने १८२७ साली वाफेच्या गाडीसाठी योजली. तिच्यातही उणेपण आहेच. एक चाक भुसभुशीत मातीत घसरले, तर ते नुसते गरगरते आणि दुसऱ्याला पुरेसा जोर मिळत नाही. म्हणून मातीवरील शर्यतीच्या गाडीत डिफरन्शियल काही प्रमाणात जखडतात. त्याने पकड वाढते, पण गाडी वळायला नाखूश होते. खेळाच्या तक्त्यातील ही कळ नेमकी किती सरकवायची, हे वाटेवर अवलंबून असते.

गाडी आणि वाट यांचा एकत्र विचार करून, मोजमापे घेऊन केलेल्या जुळवणीचे उत्तम उदाहरण याच भागात घडले. ते म्हणजे बार्शी लाइट रेल्वे. तिचा शिल्पकार एव्हरार्ड कॅलथ्रॉप (१८५७–१९२७) हा इंग्रज अभियंता. बार्शी ही कापसाची मोठी पेठ होती, पण मुख्य लोहमार्ग तिच्यापासून दूर होता. तेथपर्यंत १६७६ मिलिमीटर रुंदीचा भारी मार्ग नेणे परवडणारे नव्हते. कॅलथ्रॉपने ७६२ मिलिमीटर रुंदीचा मार्ग निवडला. त्याचे वेगळेपण केवळ अरुंदपणात नव्हते. त्याने आधी रूळ किती भार सोसतील हे ठरवले आणि मग त्याप्रमाणे गाड्या घडवल्या. रूळ हलके होते : दर यार्डाला ३० पौंड, म्हणजे मीटरला सुमारे १५ किलोग्रॅम. त्यांवर एका आसाचा भार ५ टनांपेक्षा अधिक पडू द्यायचा नाही, असा दंडक त्याने घातला. इंजिन असो वा डबा, नियम एकच. चार आसांच्या वाघिणीचे मालासह वजन त्यामुळे २० टनांपर्यंत जाऊ शकले. इंजिनाची आठ चालक चाके चार आसांवर होती, ती याच हेतूने. वाघिणींच्या चौकटी दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याच्या होत्या. त्यामुळे डब्याचे स्वतःचे वजन घटले आणि मालाला अधिक वाव मिळाला.

ही सामग्री हिंदुस्थानात पाठवण्यापूर्वी इंग्लंडमध्ये लीड्सजवळ न्यूले येथे खास मार्ग टाकून तिची चाचणी घेण्यात आली. शर्यतीआधी सराव-फेरी मारून पाहणारा आजचा खेळाडू वेगळे काय करतो? १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी हा भाग सुरू झाला. पुढे हा मार्ग त्या वेळच्या निजामाच्या राज्यात शिरला आणि येडशी, ढोकी या गावांवरून १९११ साली लातूरला पोहोचला. बार्शीच्या अनुभवाचा उपयोग कॅलथ्रॉपने इंग्लंडमधील लीक आणि मॅनिफोल्ड रेल्वेसाठी केला. ती १९०४ साली सुरू झाली. अर्थात येथेही किंमत होतीच. दोन मार्गांची रुंदी वेगळी असल्याने कुर्डुवाडीला माल एका गाडीतून दुसऱ्या गाडीत चढवावा लागे. पुढे २००८ सालापर्यंत कुर्डुवाडी–लातूर मार्ग रुंद झाला आणि नव्या आखणीत धाराशिव शहर त्यावर आले.

आता पुन्हा खेळाच्या तक्त्याकडे वळू. १९९८ साली आलेल्या 'कोलिन मॅक्रे रॅली' आणि २०१५ सालच्या 'डर्ट रॅली' या खेळांत जुळवणीला महत्त्व आहे. संगणक न्यूटनच्या नियमांवर आधारलेली गणिते सेकंदात अनेक वेळा सोडवून प्रत्येक चाकावरील भार आणि घर्षण ठरवतो. खडबडीत मातीवर स्प्रिंगा नरम ठेवल्या, तर चाक खड्ड्यात उतरूनही जमिनीला धरून राहते. त्या फार नरम झाल्या, तर वळणावर गाडी एका बाजूला झुकते. सर्व गिअरांचे प्रमाण जोरासाठी वाढवले, की सरळ वाटेवरचा कमाल वेग घटतो. म्हणजेच सर्वोत्तम गाडी अशी काही वस्तू नाही; अमुक वाटेसाठी, अमुक भारासाठी योग्य अशी गाडी असते.

वर्गात हे दाखवायला संगणक हवाच असे नाही. खेळण्यातील गाडी, एक उतरती फळी, वाळू आणि काही वजने पुरतात. वजन पुढे, मध्ये व मागे ठेवून गाडी वाळूत किती अंतर जाते ते मोजावे. नंतर चाकांवर रुंद रबरी पट्टी चढवून तेच पुन्हा करावे. अट एकच : एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि प्रत्येक वेळचे माप लिहून ठेवायचे. खेळात मुले घाईने चार कळा एकदम सरकवतात. मग गाडी कशामुळे सुधारली, हे त्यांना सांगता येत नाही.

नोंदीचा हा आग्रह आम्ही मुद्दाम धरतो. कॅलथ्रॉपची मापे कागदावर उतरली, म्हणून ती दुसऱ्या देशात उपयोगी पडली. गाडीचे चाक घडवणाऱ्या सुतार-लोहारांचे ज्ञान मात्र बहुतांशी हातातून हातात गेले. धाव तापवून मोठी करायची, लाकडी चाकावर चढवायची आणि पाणी ओतून आवळून घ्यायची, हे प्रसरणाचे शास्त्र त्यांना पाठ होते. पण धाव चाकापेक्षा किती लहान ठेवायची, आरे किती कलते बसवायचे, कोणत्या जमिनीसाठी चाक किती रुंद करायचे, याचे आकडे फार थोड्या ठिकाणी लिहिलेले सापडतील. लाकडी चाके करणारे हात दरवर्षी कमी होत आहेत. विद्यार्थ्यांनी वही आणि मोजपट्टी घेऊन आपल्या गावातील अशा कारागिरांकडे जावे, असे आम्हाला वाटते. जुळवणीचा अर्थ मुलांना खेळाने समजलाच आहे. आता त्यांनी योग्य प्रश्न विचारावेत. उत्तरे देणारे अजून आहेत.