"तिला सांगू नका, दोतोर"

पेडणे-डिचोलीकडच्या आठवणी आपण इथे लिहितो. त्यात दशावतार येतो, जत्रा येतात, खाणी येतात. आजारपण मात्र क्वचितच येतं. आज त्याबद्दल थोडं.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी आमच्या थोरल्या काकीच्या छातीत गाठ निघाली. घरात इंग्रजी वाचता येणारा मी एकटा, म्हणून मला बरोबर नेलं. दोतोर (आमच्याकडची जुनी माणसं असंच म्हणत) इंग्रजीत बोलले. काका हात जोडून म्हणाले, "तिला सांगू नका, दोतोर." बाहेर बाकावर काकी बसली होती. तिला मी सांगितलं, "साधी गाठ आहे. मुंबईला काढून घेऊ." मधला शब्द मी गाळला.

असा मधला माणूस आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. आपले हे महाल नव्या काबिजादीतले. पेडणे पोर्तुगिजांकडे गेलं १७८८ मध्ये. घरात बोली, पोथी-पत्र मराठीत, आणि सरकार पोर्तुगीजमध्ये. पणजीचं वैद्यकीय विद्यालय १८४२ चं, पण शिकवणं पोर्तुगीजमध्येच. १९६१ ला गोवा मुक्त झाला, पुढे त्याच विद्यालयाचं गोवा मेडिकल कॉलेज झालं आणि पोर्तुगीजच्या जागी इंग्रजी आली. खेड्यातल्या बाईला दोन्ही सारख्याच परक्या. मग कोणी मास्तर, कोणी शिकलेला पुतण्या मधे उभा राहायचा. काय सांगायचं आणि काय गाळायचं, हे त्याच्या हातात. त्यात मोठा निर्णय घरानं मिळून घ्यायचा, देवळात कौल लावायचा, ही आपली रीत. जिचा आजार, तिला विचारायचं कोणाला सुचतच नसे.

"आपली संस्कृतीच अशी," असं आपण म्हणतो. पण १९६१ मध्येच अमेरिकेत डॉक्टरांची पाहणी झाली होती. तिथल्या ९० टक्के डॉक्टरांचा कल कॅन्सरच्या पेशंटला न सांगण्याकडे होता! १९७९ च्या पाहणीत ९७ टक्के सांगण्याच्या बाजूचे निघाले. अठरा वर्षांत रीत उलटली. मग १९९५ मध्ये तिथल्याच ८०० वृद्धांना विचारलं, पसरलेला कॅन्सर पेशंटला सांगावा का? गोऱ्यांपैकी ८७ आणि काळ्यांपैकी ८८ टक्के 'हो' म्हणाले. मेक्सिकन वंशाच्यांत हे प्रमाण ६५, तर कोरियन वंशाच्यांत ४७ टक्के. म्हणजे गोरे-काळे एका बाजूला, आणि घरानं ओझं उचलायचं असं मानणारे दुसऱ्या बाजूला. फरक कातडीचा नव्हे, घरच्या वळणाचा. आणि वळण बदलतं, हे त्या अठरा वर्षांनी दाखवलंच होतं.

काकीला आम्ही परळला टाटा हॉस्पिटलमध्ये नेलं. हे हॉस्पिटल १९४१ चं. बार्देशातल्या उसकईचे डॉ. अर्नेस्ट बोर्जिस तिथले नावाजलेले सर्जन, बाहेरच्या रस्त्याला त्यांचंच नाव आहे. पण आम्ही एक गोष्ट विसरलो. 'टाटाला नेलं' म्हटलं की गावात सगळ्यांना कळतं. मग काकीला कळणार नाही? एका धर्मशाळेत राहिलो, तिथे सगळ्या बायका एकाच दुखण्याच्या. संध्याकाळी तांदूळ निवडत त्या एकमेकींना सगळं सांगत.

काकी दीड वर्ष जगली. त्या काळात ती अधूनमधून म्हणायची, "मला एकदा दोडामार्गला भावाकडे न्या." जमिनीवरून त्यांचं बोलणं तुटलं होतं. आम्ही म्हणायचो, "बरी झालीस की जाऊ." खरं सांगायचं नव्हतं, म्हणून घाईही दाखवता येत नव्हती. ते जाणं राहून गेलं. गेल्यावर आई म्हणाली, "तिला सगळं ठाऊक होतं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलली नाही."

२००८ मध्ये सुप्रीम कोर्टानं समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केलं, की शहाण्यासुरत्या पेशंटऐवजी तिच्या आईची संमती चालणार नाही. कायदा तिथवर आलाय. घरात मात्र अजून दाराआड कुजबुज चालते. सगळं एकदम तोंडावर सांगा, असं मी म्हणत नाही. काहींना नकोच असतं ऐकायला. पण "तुला किती जाणून घ्यायचंय?" एवढं तिलाच आधी विचारावं. मी विचारलं असतं, तर दोडामार्ग काही लांब नव्हतं.

तुमच्याही घरात असा मधला माणूस असेल. त्याची आठवण जरूर लिहा.