पॅरिसचा शब्द आणि रात्रीचं पाणी

आज पिकाची नाही, विजेची नोंद.

आपल्याकडे शेतीपंपाची वीज पाळीनं. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीला बॅटरी आणि काठी घेऊन दारं धरायला जायचं. साप, बिबट्या, ओल्या हातानं स्टार्टर. यामागं हिशोब होता. कोळशाचं केंद्र रात्रीपुरतं बंद करता येत नाही. शहरं झोपली, मागणी उतरली की उरलेली वीज शिवारात.

हा हिशोब उलटला कसा, तो इतिहास बघा.

2010 ला राष्ट्रीय सौर मिशन आलं. 2022 पर्यंत 20 हजार मेगावॅटचं लक्ष्य, 2015 ला ते 1 लाख केलं. त्याच वर्षी पॅरिस करारात भारतानं शब्द दिला: 2030 पर्यंत वीजनिर्मितीच्या क्षमतेत 40 टक्के वाटा कोळसा-तेल-वायू सोडून. 2022 मध्ये तो 50 टक्के केला.

पण पॅरिसच्या शब्दानं बांधावर काय फरक पडणार? जोडणारा दुवा निघाला फीडर. 2017 मध्ये महाराष्ट्रानं मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली. राळेगणसिद्धी आणि यवतमाळमधलं कोळंबी इथून सुरुवात. उपकेंद्राजवळच्या जमिनीवर पॅनल, तिथली वीज शेतीच्या फीडरला. सूर्य दिवसाच तळपतो, म्हणून वीजही दिवसाच. 2019 ला केंद्राची कुसुम योजना आली. 2023 ला वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा आला, त्यात जमिनीचं भाडं हेक्टरी वर्षाला सव्वा लाख ठरलं.

हे चाललं कशामुळं? नुसत्या पर्यावरणाच्या कळवळ्यानं नाही. शेतीची वीज स्वस्त देताना येणारी तूट सरकार आणि कारखानदार ग्राहक भरतात. सौर वीज युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडायला लागली, तशी ती तूट कमी करायची वाट दिसली. शेतकऱ्याला दिवसा पाणी, सरकारला बचत. दोघांची गरज एका तारेवर आली तेव्हा कागद हलला.

तरी उशीर झालाच. 1 लाख मेगावॅट 2022 ला व्हायचे होते, झाले 2025 च्या जानेवारीत. 50 टक्क्यांचा शब्द मात्र 2025 लाच पुरा झाला, पाच वर्षं आधी. पण नीट वाचा, ही क्षमता आहे. प्रत्यक्षात तयार होणाऱ्या युनिटांत अजून कोळसाच पुढं आहे. बैल गोठ्यात किती आणि औताला किती, यात फरक असतोच ना!

आणखी एक. दिवसा वीज, त्यात साडेसात एचपीपर्यंत बिल माफ, म्हणून मोटर चालूच ठेवायची सवय लागेल. सूर्य आटत नाही, बोअर आटतो. ठिबक आणि टायमर लावा.

तुमच्या फीडरला दिवसा वीज आली का, किती तास टिकते? खाली लिहा. आली नसेल तर उपकेंद्राजवळच्या जमिनीचा विषय पुढच्या ग्रामसभेत काढा. दिलेला शब्द मागायला कुणीतरी उभं राहावं लागतं.