चित्रकलेचा तास आणि आपल्या लेकी



शाळा सुरू झाल्या की आमच्या गटाच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो. शाळेतून निरोप येतो, एलिमेंटरी किंवा इंटरमिजिएटचा फॉर्म भरायचा आहे. फी द्यायची, रंगपेटी घ्यायची, ड्रॉइंग पेपर आणायचे. मग कुणीतरी म्हणतंच, "चित्रं काढून पोट भरतं का?" आणि पैशांची ओढाताण असली, की आधी मुलीचा फॉर्म मागे राहतो. म्हणून आज आपण हा चित्रकलेचा विषय शाळेत आला कसा, कुणासाठी आला आणि त्यात आपण बाया कुठे होतो, हे पाहू.

गोष्ट सुरू होते लंडनमध्ये. 1851 साली तिथं जगभरातल्या मालाचं मोठं प्रदर्शन भरलं. इंग्रजांचा यंत्रावरचा माल भरपूर होता, पण त्याची नक्षी त्यांच्याच जाणकारांना भडक वाटली. आपल्याकडच्या विणकरांची कापडं, शाली, गालिचे पाहून मात्र ते थक्क झाले. रंग कुठं थांबवायचा, फूल किती वेळा फिरवायचं, हे आपल्या कारागिरांना बरोबर ठाऊक होतं. यातून इंग्रजांनी धडा घेतला, की माल खपायचा असेल तर कारागिराच्या हाताला वळण हवं आणि ते वळण शिक्षणातून द्यायला हवं. चित्रकला हा तिकडे उद्योगधंद्याचा विषय झाला तो असा.

तीच पद्धत इकडे आली. सर जमशेदजी जीजीभॉय यांनी एक लाख रुपयांची देणगी दिली आणि 1857 साली मुंबईत त्यांच्या नावानं कलाशाळा सुरू झाली. तेच आजचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. गंमत बघा, ज्या देशाची नक्षी पाहून इंग्रज शिकले, त्याच देशातल्या मुलांपुढं त्यांनी युरोपातल्या पुतळ्यांचे प्लास्टरचे साचे ठेवले आणि सांगितलं, हे बघून काढा. पण सगळेच शिक्षक तसे नव्हते. जॉन ग्रिफिथ्स नावाचे शिक्षक 1872 पासून विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात. लेण्यांतली चित्रं उतरवून घ्यायचं ते काम 1885 पर्यंत, म्हणजे तेरा वर्षं, चाललं होतं.

1893 साली जे. जे. मध्ये चित्रकला शिक्षक तयार करण्याचा अभ्यासक्रम सुरू झाला. असे शिकलेले शिक्षक शाळांत जाऊ लागले आणि ड्रॉइंगचा तास रुजला. आज एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा राज्याचं कला संचालनालय घेतं. हे संचालनालय 1965 साली स्थापन झालं.

या सगळ्यात बाया कुठे होत्या? कलाशाळेच्या वर्गात पहिली कित्येक वर्षं जवळजवळ सगळे पुरुषच. कोल्हापूरहून आलेले नामवंत चित्रकार म. वि. धुरंधर यांची लेक अंबिका यांनी 1931 साली जे. जे. ची पदविका घेतली. अशी पदविका घेणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांपैकी त्या एक. म्हणजे शाळा निघाल्यापासून पाऊणशे वर्षांच्या आसपास गेली होती. शिवाय अंबिकाताईंच्या घरातच चित्रकला होती, शिकवणारा बाप होता. ज्यांच्या घरी असं कुणी नव्हतं, त्या मुलींचं काय झालं असेल?

दुसरं उदाहरण आपल्या आणखी जवळचं आहे. डहाणू भागात वारली समाजात लग्नाच्या वेळी भिंतीवर चौक काढतात. तांदळाच्या पिठानं तो काढायचा मान सवाशिणींचा. पिढ्यान्‌पिढ्या हे बायांचं काम. 1970 च्या सुमारास भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार तिथं कागद घेऊन गेले. त्या कागदावर चित्र काढून नावारूपाला आले ते जिव्या सोमा म्हसे. त्यांची कला थोर होती यात शंका नाही. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण विचार करा, भिंतीवर होती तोवर कला बायांची होती. ती कागदावर आली, बाजारात गेली, तेव्हा पुढं पुरुषाचं नाव झालं. चौक काढणाऱ्या त्या सवाशिणींपैकी कितींची नावं आपल्याला सांगता येतील?

आमचं सांगणं एवढंच आहे. कला आपल्या हातात पहिल्यापासून आहे. कागद मात्र आपल्या हातात उशिरा आला, आणि शाळेतला चित्रकलेचा तास म्हणजे तो कागद.

परीक्षेत विचारतात काय, तेही बघा. समोरची वस्तू पाहून काढायची, ते वस्तुचित्र. आठवून प्रसंग काढायचा, ते स्मरणचित्र. आकार बसवून नक्षी करायची, ते संकल्पचित्र. शिवाय भूमिती आणि अक्षरलेखन. ठिपके मोजून रांगोळी काढणारी, गोधडीला चारी बाजूंनी सारखा काठ लावणारी आई संकल्पचित्रच करत असते. मुलीला तेच शाळेत मापानं, नावानिशी शिकायला मिळतं. इंटरमिजिएटला श्रेणीप्रमाणे दहावीत वाढीव गुणही मिळतात, ए श्रेणीला 7, बी ला 5 आणि सी ला 3.

पुढचे रस्तेही आहेत. कलाशिक्षिका होता येतं, कापडावरच्या छपाईचं, कपड्यांच्या डिझाइनचं काम करता येतं. आपल्याच गटाच्या पापड-मसाल्याच्या पाकिटावरचं चित्र आणि अक्षरं आज आपण बाहेरून पैसे देऊन करून घेतो. ते काम उद्या आपली लेक करेल.

तेव्हा मैत्रिणींनो, तीन कामं करू. शाळेत जाऊन विचारू, चित्रकलेचा तास होतो का, शिकवायला शिक्षक आहेत का? पालक सभेत हा विषय मांडू. आणि फीमुळे एखाद्या मुलीचा फॉर्म अडला, तर गटातून तेवढी रक्कम उसनी देऊ. शेळीसाठी, शिलाई मशीनसाठी आपण कर्ज देतोच की, मग रंगपेटीसाठी का नको?

आपल्या आज्यांनी भिंती रंगवल्या, पण खाली नाव घातलं नाही. आपल्या लेकींच्या कागदावर त्यांचं नाव असू द्या.