फिरकीचे झाकण आणि शोधाचा हक्क

तंजावरच्या मुलखात ज्याला कूजा म्हणतात, तोच महाराष्ट्राचा फिरकीचा तांब्या. झाकणाचे आटे बसले की प्रवासात पाण्याचा थेंब सांडत नाही. ही युक्ती कोणा एकाची नव्हे. ती कारागिरांची सामाईक मिरास आहे. अशा मिराशीवर मक्ता सांगता येईल काय? मिर्झापूरच्या एका कारखान्याने भांडी लेथवर पक्की धरण्याच्या साधनाचे पेटंट १९५३ मध्ये मिळविले, तेव्हा हाच प्रश्न उभा राहिला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती सरकारिया यांच्या मुखाने निर्वाळा दिला : जाणत्या कारागिराला जे सहज सुचावे, तो शोध नव्हे. पेटंट रद्द ठरले. संशोधकाचा हक्क मोठा खरा. परंतु तांबटाचे पिढीजात ज्ञान त्याच्या हातून हिरावून तो वाढवावयाचा नसतो.