अधिकारिता, दिवाणी न्यायालयांची

एखादा दिवाणी दावा ऐकून त्यावर निर्णय देण्याचा न्यायालयाचा अधिकार. भारतात तो मुख्यतः दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ नुसार ठरतो. दाव्याचा विषय, त्याचे मूल्य आणि स्थळ या तीन कसोट्या त्यासाठी लावतात.

कायद्याने मनाई केलेली नसल्यास दिवाणी स्वरूपाचा प्रत्येक दावा दिवाणी न्यायालय ऐकू शकते (कलम ९). दावा सक्षम अशा सर्वांत खालच्या श्रेणीच्या न्यायालयात दाखल करावा लागतो (कलम १५). महाराष्ट्रात कनिष्ठ आणि वरिष्ठ स्तर न्यायालयांतील वाटणी दाव्याच्या मूल्यावरून होते.

जमीन किंवा घर यांच्या ताब्याचा अथवा वाटपाचा दावा मालमत्ता असेल तेथे चालतो (कलम १६). दिल्लीच्या रहिवाशाने कोलकात्यात कोणास मारहाण केल्यास भरपाईचा दावा दोन्हींपैकी कोणत्याही शहरात लावता येतो (कलम १९). इतर दावे प्रतिवादीच्या निवासस्थानी किंवा वादकारण घडले तेथे लावतात (कलम २०).

करारातील पक्षकार दोन सक्षम न्यायालयांपैकी एक निवडू शकतात. अधिकार नसलेल्या न्यायालयाला मात्र संमतीने तो देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने हकमसिंग वि. गॅमन (१९७१) खटल्यात ठरविले. स्थळाबाबतचा आक्षेप वादमुद्दे निश्चित होण्यापूर्वीच घ्यावा लागतो (कलम २१). अधिकारिता नसल्यास वादपत्र योग्य न्यायालयात दाखल करण्यासाठी परत दिले जाते. त्यामुळे चुकीच्या न्यायालयात गेलेल्या वादीचा न्यायाचा मार्ग खुला राहतो.