हातमोजे कुणासाठी?

मागच्या हिवाळ्यात आईला इथल्या हॉस्पिटलात चार दिवस ठेवावं लागलं. (आमचं बिऱ्हाड मेरीलँडमध्ये, बाल्टिमोरपासून तासाभरावर.) नर्स खोलीत आली की आधी भिंतीवरच्या डब्यातलं जेल हातांना चोळायची, मग रबरी मोजे चढवायची. काम झालं की मोजे कचऱ्यात आणि पुन्हा जेल. आई वैतागली. "मोजे घातले होते ना हिनं? मग परत हात कशाला धुते? माझा एवढा विटाळ?"

विटाळ वगळून मी प्रश्नाचं भाषांतर केलं. नर्स हसून म्हणाली, "आल्यावर धुते ते आईंसाठी, मोजे माझ्यासाठी, आणि जाताना धुते ते पुढच्या खोलीतल्या पेशंटसाठी."

मोजे तिच्यासाठी? मी तर आजवर उलटंच समजत होतो. घरी येऊन वाचायला बसलो, तर गोष्ट निघाली आमच्याच बाल्टिमोरची.

जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटल १८८९ साली सुरू झालं. विल्यम हॉल्स्टेड तिथले सर्जन. लिस्टरने कार्बोलिक ऍसिडचा उपाय १८६७ साली मांडला होता, त्यामुळे जंतू मारायचे हे सगळ्यांना पटत चाललं होतं. पण मारायचे कसे? तर हात रसायनांत बुडवून! साबण, मग पोटॅशियम परमँगनेट, मग गरम ऑक्झॅलिक ऍसिड, आणि शेवटी मर्क्युरिक क्लोराईड, म्हणजे पाऱ्याचं विषारी संयुग. हे रोज.

ऑपरेशन थिएटरची जबाबदारी कॅरोलिन हॅम्प्टन या नर्सकडे होती. १८८९-९०च्या हिवाळ्यात तिच्या हातांची कातडी या पाऱ्याने सोलवटून निघाली. काम सोडायची पाळी आली. हॉल्स्टेडनी न्यूयॉर्कच्या गुडइयर रबर कंपनीकडून पातळ रबराच्या मोज्यांच्या दोन जोड्या करून घेतल्या. (टायरवाली गुडइयर ती ही नव्हे, ती १८९८ची.) मोजे जमले, आणखी मागवले. जून १८९०मध्ये हॉल्स्टेड आणि कॅरोलिनचं लग्न झालं आणि तिनं नोकरी सोडली. मोजे मात्र थिएटरमध्येच राहिले.

खरी गंमत पुढे आहे. हे मोजे नर्सची कातडी वाचवायला आले होते, पेशंटचा जीव वाचवायला नव्हे. नंतर हत्यारं देणारे मदतनीस ते घालू लागले. सर्जन स्वतः मात्र उघड्या हातांनीच कापत. सांधा उघडायचा असेल तरच क्वचित मोजे. १८९६च्या सुमारास हॉल्स्टेडचे शिष्य जोसेफ ब्लडगुड यांनी स्वतः सर्जन असतानाही मोजे नियमाने घालायला सुरुवात केली आणि १८९९मध्ये हर्नियाच्या साडेचारशेवर ऑपरेशनांचा हिशेब छापला. मोज्यांविना जखम चिघळण्याचं प्रमाण सुमारे १७ टक्के, मोज्यांसह २ टक्क्यांच्या आत! उपाय सहा वर्षं त्याच खोलीत, समोरच्या माणसाच्या हातात होता. पण तो ज्या प्रश्नासाठी आला होता, त्याच प्रश्नाचं उत्तर म्हणून सगळे त्याच्याकडे बघत राहिले. आम्हा इंजिनिअर लोकांना ही चूक चांगली ओळखीची आहे.

पुढे १९८०च्या दशकात एड्स आला. १९८७ साली अमेरिकेच्या सीडीसीने सांगितलं, रक्ताशी संबंध येणार असेल तर प्रत्येक पेशंटच्या बाबतीत मोजे घाला. हेतू पुन्हा तोच, घालणाऱ्याचं रक्षण. डब्यातून ओढून काढायचे साधे मोजे असे घरोघर दिसू लागले. निर्जंतुक मोजे वेगळे, ते कागदी वेष्टनात जोडीने येतात. त्यांची दुमडलेली कड फक्त आतल्या बाजूने धरायची, बाहेरच्या बाजूला उघडं बोट लागलं की जोडी बाद. आणि मोजे कुठलेही असोत, त्यांना बारीक भोकं असू शकतात, काढताना मनगटाला घाण लागते. म्हणून हात धुणं सुटत नाही.

माझी पहिली नोकरी चिपच्या कारखान्यातली. तिथे मोजे घातले ते चिपला माझ्यापासून वाचवायला. ते घालून कुणी नाक खाजवलं तर सुपरवायझर तिथल्या तिथे बदलायला लावायचा. एवढी अक्कल मला सिलिकॉनच्या बाबतीत होती.

पण काही वर्षांपूर्वी गावाकडे वडिलांचं ऑपरेशन झालं, तेव्हा ड्रेसिंग करणारा मुलगा त्याच मोज्यांनी दाराची कडी, खाटेचा दांडा, मोबाईल आणि मग जखम हाताळत होता. मी बाजूला उभा राहून मनात म्हणालो, वा, इथेही मोजे आले! चार दिवसांनी जखमेत पू झाला. तो त्याच मोज्यांमुळे, असं मी म्हणू शकत नाही. त्या मुलाला कुणी नीट शिकवलंही नसेल. पण "दादा, मोजे बदलता का?" एवढं विचारायला मला काय झालं होतं?

आईला हे सगळं सांगितलं. म्हणाली, "म्हणजे ती विटाळ मानत नव्हती तर." दुसऱ्या दिवशी नर्स घाईत जेल विसरून मोजे घ्यायला गेली, तेव्हा आईने नुसतं भिंतीकडे बोट दाखवलं. नर्सने "थँक यू" म्हणत हात चोळले.

असो. तुम्हीही विचारा. गोड बोलून, पण विचारा.